स्कॅनरच्या कॅमेऱ्यात मामांचा हात

माझ्या शिक्षणाचं सगळं श्रेय माझ्या मामांचं. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून मामांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यांची प्रवासी जीप आहे. तिच्यात पुढच्या सीटवर बसवून त्यांनीच मला शाळेत पोचवलं, पुढे कॉलेजातही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पदवीच्या दिवशीचा, काळ्या झग्यातला माझा फोटो त्यांनी जीपमध्ये काचेच्या वर चिकटवलाय. त्यांचा स्वतःचा मात्र लायसन्सवरचा सोडला तर धड फोटो नाही.

मी नगरजवळ केडगावला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. दुकानात एक जुना स्कॅनर धूळ खात पडला होता. त्याची काच काढली, आतला दिवा काळ्या चिकटपट्टीने झाकला, पुठ्ठ्याच्या खोक्याला पुढून मोठं भिंग बसवलं आणि मागे स्कॅनर. झाला कॅमेरा. साधा कॅमेरा सगळं एका क्षणात टिपतो. हा तसा नाही. आतली पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरकते आणि फोटो उभ्या रेघांनी भरत जातो. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. हललं तर कडा वाकड्या येतात.

पहिला फोटो मामांचाच काढायचा हे ठरलेलं होतं. दुकानाच्या सुट्टीला खोकं घेऊन गेलो. अंगणात आधी शेळीवर प्रयोग केला. ती चालत गेली आणि लॅपटॉपवर लांबच लांब उमटली.

मामी म्हणाली, "शेळी हाय का बाकडं?"

"पदवी घेऊन हेच शिकला व्हय?" मामा म्हणाले. पण टोपी झटकून, हात मांडीवर ठेवून खुर्चीत ताठ बसले.

"मामा, मी सांगेपर्यंत हलू नका."

"आरं, पाशिंजर भरेपर्यंत बसतोच की रोज."

फोटो आला. चेहरा स्वच्छ, टोपीची कड सरळ, मागच्या भिंतीचा कोपराही सरळ. फक्त उजव्या हाताच्या कडेला करवतीसारखे दाते.

"मशीन बिघडलंय तुझं," मामा म्हणाले.

मलाही तेच वाटलं. मामांचा हात हलला असेल हे मनातही आलं नाही. भिंग पुसलं, खोक्याखाली वीट लावली. हाताशेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवला, म्हणजे मशीन हलत असेल तर तांब्यालाही दाते येतील. पुन्हा फोटो काढला. तांब्या गुळगुळीत आला. त्याच्या शेजारच्या हाताला तेच दाते.

मी लॅपटॉपवरून मान वर करून हाताकडे पाहिलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, तंबाखू मळावी तसे. हातात तंबाखू नव्हती. मी पाहतोय हे कळताच मामांनी खांद्यावरचं फडकं ओढून मुठीत धरलं. हात थांबला.

ते फडकं मी कितीतरी दिवस पाहत होतो. जेवल्यावर, पारावर बसल्यावर, फोनवर बोलताना, मामांच्या उजव्या हातात कायम काहीतरी असायचं. फडकं नाहीतर किल्ली. मला वाटायचं, ड्रायव्हरची सवय.

"मामा, हात..."

"वय झालं. चल, गाडीची येळ झाली." ते उठून गेले. फोटो परत पाहिलासुद्धा नाही.

मामी भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "झोपलं की थांबतंय. मी बघते रोज."

"मग दवाखान्यात का नाही नेलं?"

"न्हाई म्हणत्यात. हात थरथरला की लोक म्हणायचे, ह्यो घ्यायला लागला. मग जीपमधी कोन बसंल?"

आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. आमच्याकडे थरथरत्या हाताचा एकच अर्थ लावतात, हे खरंच. तेवढ्या भीतीने त्यांनी दुखणं मुठीत धरून ठेवलं होतं. बाहेर जीप सुरू झाली. मागे शाळेची पोरं बसलेली दिसली. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, अगदी स्थिर. मी जीप वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो.

मामांचा फोन कायम स्पीकरवर असतो, मी काय बोलतो ते सगळी जीप ऐकते. म्हणून केडगावला आल्यावर पत्र लिहिलं आणि मामीच्या नावाने पाठवलं.

"मामांना नमस्कार.

हे जीपमध्ये वाचू नका. मशीन बिघडलेलं नाही, मी सगळं उघडून पाहिलं. मी डॉक्टर नाही, हे काय दुखणं आहे मला माहीत नाही. पण दारू न पिणाऱ्याचाही हात असा हलू शकतो, एवढं मी इथे एका डॉक्टरांना विचारून घेतलंय. त्यांनी तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय.

स्टिअरिंग धरल्यावर हात थांबतो हे मी पाहिलं. पुढेही थांबेल का, ते मला सांगता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. मागे पोरं बसतात. मीही ह्याच जीपमधून शाळेत जायचो.

रविवारी मी येतो. नगरपर्यंत जीप मी चालवीन, तुम्ही पुढच्या सीटवर बसा. कोणी विचारलं तर सांगा, भाच्याला गाडी शिकवतोय. फडकं घरी ठेवा. डॉक्टरांना हात दिसला पाहिजे.

तुमचा भाचा."