बाजारातली शेवंतीची जागा

ओल्या वाळूवर पसरलेल्या जाळ्यांचा तो खारट, उग्र दर्प मालवणच्या संध्याकाळच्या हवेत असा भिनलेला असे, की अंगावरच्या सुती साडीलाही तो बिलगून राही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या दशकात मी तिथल्या मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका होते. त्या दर्पाबरोबरच माझ्या मागीलदारी येई ती शेवंती, मासे विकणारी. पुढच्या दाराने यायची तिला चोरी होती.

तिचा नवरा जहाजावर गेला तो परतलाच नव्हता. पुढे तिला मूल झालं. ते मेलेलंच जन्मलं आणि तिने कुणाला न सांगता ते सुरूच्या बनात पुरलं. मूल तिनेच मारलं असं ठरवून पंचांनी तिला वाळीत टाकलं. बाजारातली तिची जागा गेली. माणसाला जिवंत ठेवून नाहीसं करण्याची ही केवढी निर्दय कला!

एकदा मी तिला स्कॉटलंडातली एक जुनी, खरी हकिगत सांगितली. तीही मासे विकणारी, तिलाही नवरा सोडून गेलेला, तिच्यावरही तान्ह्या मुलाच्या मृत्यूचा ठपका. तिला फाशी दिली. नातलग शवपेटी गाडीवरून गावी नेत असताना वाटेत आतून धडपड ऐकू आली. झाकण काढलं, तर बाई जिवंत. शिक्षा अंमलात आलेली असल्याने कायद्याला तिला पुन्हा फाशी देता येईना, आणि ती पुढे कितीतरी वर्षं उजळ माथ्याने जगली.

शेवंतीने उचललेली पाटी परत खाली ठेवली. मग तिने विचारलं, “म्हणजे एकदा मारल्यार शिक्षा संपली मा, बाईनू?” मी हो म्हटलं.

दुसऱ्या सकाळी मी बाजारात गेले, तर ती आपल्या जुन्या जागी पाटी मांडून बसलेली. पंचांतले एक वृद्ध तिला उठायला सांगत होते. आवाज न चढवता ती म्हणाली, “तुमी माका एकदा मारलास. ती शिक्षा मी भोगलंय. आता मी जिती आसंय.”

शेजारी बसलेल्या बाईने मुकाट्याने आपली पाटी सरकवून शेवंतीला ऐसपैस जागा करून दिली, तसे ते वृद्ध काठी टेकत निघून गेले.

मी मासे घ्यायला पुढे होण्याआधीच एक गिऱ्हाईक थांबलं. त्या बाईने बांगड्याचे कल्ले उचकटून पाहिले, मासे शिळे म्हणून नाक मुरडलं, आणि शेवंती पदर खोचून उभीच राहिली. विजयाची ललकारी कशी असते, हे मी तोवर इतिहासाच्या धड्यांतून शिकवत आले होते. पण वाळीत टाकलेल्या माणसाशी कोणी भांडतसुद्धा नाही. आणि त्या सकाळी, अख्ख्या बाजारादेखत, शेवंतीशी कोणीतरी कडाकडा भांडत होतं.