दुसऱ्या शिफ्टचं दूध

दापोडीच्या बौद्ध वस्तीतली कुशाबाई पिंपरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला लागली ती बहात्तर सालच्या फाल्गुनात, दुसरी शिफ्ट नव्यानं सुरू झाली तेव्हा. सकाळचा चहा जुन्या अंबुबाईकडे, दुपारचा हिच्याकडे. ठेकेदार मालोजी सकाळचा चहा मागून मागून प्यायचा. दुपारी मात्र त्याला नेमकं पित्त व्हायचं. हे पित्त कुठलं ते कुशाबाईला कळत होतं, ती बोलत नव्हती इतकंच.

चैत्रात दुपारचं दूध नासायला लागलं. झालं, लोकांना तेवढंच निमित्त पाहिजे होतं. अंबुबाईच्या हातात कधी नासलं नाही, ही आली आणि नासायला लागलं, असं जो तो म्हणू लागला. जातीचं नाव कोणी काढत नव्हतं. सगळे आपले हाताला दोष देत होते. शेवटी मालोजीनं तिला बोलावून सांगितलं, "उद्यापासून आवार झाडायला जा. चहाला दुसरी बाई बघतो."

झाडू तिच्या सासूनं जन्मभर धरला होता. कुशाबाई चूल सोडणार नव्हती.

"मालोजीराव," ती म्हणाली, "कावळा बसला आन् फांदी मोडली, म्हणून कावळ्यानंच मोडली व्हय? त्याला दुसऱ्या फांदीवर बसवून तर बघा. आठवडाभर मी सकाळी येते, अंबुबाई दुपारी. तिच्या हातात दूध टिकलं, तर झाडू मी आपणहून उचलते."

मालोजीला त्यात काही वावगं दिसलं नाही. "बरं," तो म्हणाला, "मग पातेलंही नवीन काढतो."

"अजिबात न्हाई. दूध तेच, पातेलं तेच, चूल तीच. बदलायचं ते फक्त माणूस. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चोर कोण, ते कळणार कसं?"

बाई हट्टालाच पेटली होती. सकाळचं काम उरकलं तरी घरी जायची नाही, दुपारच्या चहापर्यंत दाराशी बसून राहायची. सोमवारी दुपारी अंबुबाईच्या हातात दूध टिकलं. मंगळवारीही टिकलं, तेव्हा लोक तिच्याकडे बघून हसले. बुधवारी अंबुबाईनं पातेलं चढवलं आणि दूध फाटलं. गुरुवारीही फाटलं. सकाळी कुशाबाईच्या हातात मात्र थेंब नासला नव्हता.

अंबुबाई बिचारी कावरीबावरी झाली. मालोजी कपाळ पुसत तिला म्हणाला, "तू कशाला घाबरतेस? ऊन काय पडलंय. सकाळी आलेलं दूध पत्र्याखाली टिकणार कसं?"

कुशाबाई उठली.

"माझ्या हातात नासलं तवा माझा हात, आन् हिच्या हातात नासलं तवा ऊन? माझ्या वक्ताला काय चांदणं पडत हुतं?"

मालोजीनं दूधवाल्याला बोलावणं धाडलं.

पुढच्या सोमवारपासून दुपारचं दूध वेगळं, ताजं यायला लागलं आणि कुशाबाई आपल्या शिफ्टला परतली. पहिला ग्लास भरून तिनं मालोजीपुढे ठेवला.

"मला पित्त होतं," तो पुटपुटला.

"त्येबी बघू, पिऊन होतंय का," ती म्हणाली. ग्लास रिकामा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.