मुकादमांचा घास

छापखान्याच्या मागच्या अंगाला बांधणीखातं होतं. लांबलचक खोली, एका बाजूला ओळीनं खिडक्या, आणि मधोमध एकच टेबल. ते एवढं लांब की ह्या टोकाला झालेला विनोद त्या टोकाला पोचेपर्यंत शिळा व्हायचा. छापलेले कागद एकीकडून टेबलावर चढायचे आणि पुस्तकं होऊन दुसरीकडून उतरायचे. मधल्या वाटेवर टोच्या बसायचा. घड्या घातलेल्या कागदांना शिवणीसाठी आरीनं भोकं पाडायची, हे त्याचं काम. आईबापानं ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं, आणि तेव्हाही शेजाऱ्याला त्याला कोपरानं ढोसावं लागायचं, "अरे ऊठ, तुलाच बोलावतायत!"

हा शेजारी म्हणजे चिकट्या, खळ लावणारा. दोघं बरोबरच कामाला लागलेले. एकाला ठेच लागली तर दुसरा 'आई गं' म्हणायचा, अशी त्यांची दोस्ती.

दुपारी डबे उघडले की खात्याचे मुकादम टेबलाभोवती फेरी मारायचे. प्रत्येकाच्या डब्यातला एक घास तोंडात टाकायचा, मान हलवायची आणि पुढे सरकायचं. फेरी पुरी होईस्तोवर डब्याला कोणी हात लावत नसे. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या एका घासानं माणसाला वाटायचं, आपण ह्या टेबलाचे आहोत. टोच्याला तर घरापेक्षा टेबलावरच जास्त घरी असल्यासारखं वाटे.

एके दिवशी मुकादम त्याच्या डब्यापाशी आले, डब्यात डोकावले, आणि घास न घेता चिकट्याच्या डब्याकडे वळले.

टेबलावरची कुजबुज एकदम थांबली. सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिकट्यानं आपलं स्टूल थोडं पलीकडे घेतलं. "इकडं वारा बरा येतो," तो म्हणाला. त्याच्यामागे शिलाईवाला सरकला. मग दोन्हीकडची माणसं अशी आक्रसली की टोच्या टेबलाच्या मधोमध असून टेबलाबाहेर पडला. मुकादम फेरीला निघाले तर डब्यांची रांगच दुसरीकडून जात होती. तिच्यात टोच्या नव्हता.

मग जो तो आठवू लागला. शिलाईवाल्याला आठवलं, मुकादम बोलत असताना टोच्यानं एकदा जांभई दिली होती. पुठ्ठेवाल्याला आठवलं, त्यानं मुकादमांच्या चालीची नक्कल केली होती. नक्कल खरं तर पुठ्ठेवाल्यानंच केली होती, पण आता सगळ्यांना ती टोच्याच्याच अंगात दिसू लागली.

घरी टोच्यानं बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"अहो, एवढी माणसं उगाच तोंड फिरवतील का? तुम्हीच काही बोलला असाल. तुम्हाला कुठं कळतं, काय बोलावं ते!"

त्या दिवसापासून टोच्याही आठवू लागला. आरी कागदात शिरायची आणि मन मागच्या वर्षांत. जांभई दिली होती का? दिलीही असेल. ज्या खोलीत इतकी तोंडं, तिथं त्याच्याशी बोलायला आता फक्त आरी होती, आणि तिचं आपलं एकच, टुच टुच.

शेवटी न राहवून तो मुकादमांच्या खोलीत गेला. "मुकादम, माझं चुकलं. काय ते सांगा, पण मला टेबलावर घ्या."

मुकादमांनी चष्मा काढला. "कशाबद्दल बोलतोयस?"

"तुम्ही घास घेतला नाहीत त्या दिवशी."

मुकादम बराच वेळ आठवत बसले. मग गालाला हात लावून म्हणाले, "अरे, दाढ काढली होती मी! तुझ्या डब्यात होते चणे. कसे खाऊ?"

टोच्याचा जीव भांड्यात पडला. "मग सांगा ना सगळ्यांना!"

मुकादम खिडकीबाहेर बघू लागले. "मीही बघत होतो. कुणीच तुझ्याजवळ बसेना. म्हटलं, एवढ्या जणांना दिसतंय ते आपल्याला दिसत नसेल. काहीतरी असणारच." त्यांचा आवाज खाली आला. "आता मी काय सांगू? माझ्या दाढेपायी सगळं टेबल वेडं झालं म्हणू? हसतील मला. आणि हसले की संपलंच."

टोच्यानं बाहेर येऊन चिकट्याला खरं काय ते सांगितलं. चिकट्यानं खळीचा ब्रश खाली ठेवला, त्याच्याकडे कीव आल्यागत पाहिलं. "दाढ? टोच्या, अरे दाढेसाठी कुणी एवढं करतं का? जरा पटेल असं तरी सांग."

त्या दुपारी टोच्या एकटाच जेवला. आपल्याला काय हवंय ते त्याला पक्कं कळलं होतं आणि ते कसं मिळेल तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमल्यावर तो उभा राहिला.

"मुकादम बोलताना मी जांभई दिली होती. माफी मागितली. त्यांनी माफ केलं."

खोलीनं सुटकेचा निःश्वास सोडला. शिलाईवाला म्हणाला, "मी म्हणतच होतो!" चिकट्यानं स्टूल ओढत आणलं, इतकं जवळ की गुडघ्याला गुडघा लागला, आणि पाठीवर थाप मारली, "बघ, कबूल केलं की कसं मोकळं होतं!" दारात मुकादम उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि आत गेले. दुपारी त्यांनी टोच्याच्या डब्यातला घास घेतला.

पुढे टोच्यानं त्याच टेबलावर केस पिकवले. नवा माणूस आला की त्याला जांभईची गोष्ट सांगायचं काम त्याच्याकडेच असायचं. सांगता सांगता ती अशी रंगली की त्यात उन्हाळा आला, जड झालेले डोळे आले, तोंडावर न्यायला उशीर झालेला हात आला. पोरं हसायची. मुकादम केव्हाच वारले होते.

कधी घरी आरशापुढे दाढी करताना तो हळूच तोंड उघडून जांभई देऊन बघायचा. आपण तशी दिली होती का, हे विचारायला आता जगात कुणी उरलं नव्हतं. बायको आतून हाक मारायची, "अहो, आवरा लवकर, टेबलावर वाट बघत असतील." तो तोंड मिटायचा आणि निघायचा.