नुकताच जेवलेला रोहू

आमच्या शेततळ्याचं फाटक आज सगळ्यांसाठी उघडलं. ‘गळ टाकायला या’ अशी पाटी दादाने लावली होती, तरी कोण येतंय एवढ्या आडबाजूला, असं मला वाटत होतं. आणि ऊन वर यायच्या आत काठावर माणसंच माणसं! आजवर फक्त आमचेच चेहरे पाहिलेल्या पाण्यात आज अनोळखी चेहरे हलत होते. तळं लग्नघरासारखं गजबजलं होतं.

पण बराच वेळ झाला तरी एकही गळ हलेना.

“वहिनी, मासे आहेत ना गं?” मी हळूच विचारलं.

वहिनी ओशाळली. “अगं, आज गर्दी होणार म्हणून मी पहाटेच त्यांना पोटभर पेंड घातली.”

मला हसू आवरेना. आधी पाहुण्यांची पंगत, मग घरच्यांची, हा आमच्याकडचा रिवाज वहिनीने आज पहिल्यांदाच मोडला होता. रोज आपल्या हातचं खाणारं कुणीही घरचंच होऊन जातं. फाटक उघडलं म्हणून ते एका सकाळीत सगळ्यांचं कसं होणार?

तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला. “लागला, लागला!” काठी वाकली, पाण्यात रोहू उसळला, सगळा काठ उभा राहिला. सगळ्यांच्या पुढे वहिनी धावली.

“सावकाश ओढा हो,” ती ओरडली, “नुकताच जेवलाय तो!”