कुलपाशचा भरलेला कळप

अल्माटीच्या त्या संस्थेत शास्त्रज्ञ आले नि गेले; उंदरांची खोली मात्र एकतीस वर्षं कुलपाशच्याच ताब्यात होती. तिचा बाप मेंढपाळ. लोकांचा कळप उन्हाळाभर डोंगरावर राखायचा आणि परत देताना पुरा भरून द्यायचा. मेंढरू मेलंच तर आपल्यातलं घालायचं. हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

शोल्पान डॉक्टरेटसाठी ज्या जंतूंच्या मागे लागली होती, ते धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाहीत. अशक्ताच्या छातीत मात्र बिऱ्हाड थाटतात, ते काही केल्या उठत नाही. तिने हे जंतू चोवीस उंदरांच्या फुप्फुसांत सोडले आणि निम्म्यांना नवं औषध सुरू केलं. रोज पिंजरा उघडून बघणं कुलपाशचं काम; तिला सगळे आपा म्हणत. शास्त्रज्ञांना उंदीर मोजण्यापेक्षा मोठी कामं असतात. तिसाव्या दिवशी तपासणी झाली. औषधवाल्या बारांपैकी चौघांच्या छातीत औषधालाही जंतू सापडला नाही.

शोल्पान कणकेच्या तळलेल्या बाउरसाकांचं ताट घेऊन धावतच खाली आली.

"आपा, चार ठणठणीत! सोमवारी परिषदेपुढे मांडते. पदवी झाली म्हणून समजा. मग इस्पितळात माणसांना देऊन बघतील."

तोंडाशी नेलेला बाउरसाक कुलपाशने ताटात परत ठेवला.

"माणसांना?"

"मग? जन्मभर उंदरांनाच पाजू?"

"ते चार तुझे नव्हेत, पोरी. तुझे दुसऱ्याच आठवड्यात मेले. मी राखीव पिंजऱ्यातले घातले. शेपटीवर खूणही केली, अगदी तुझ्यासारखी."

शोल्पान मटकन स्टुलावर बसली. दोन वर्षांची मेहनत गेली होती. तिला रडू फुटलं आणि ते तिने आवरलंही नाही. कुलपाशने दूध घालून चहा दिला, मग फ्रीझरमधून तारखा घातलेल्या चार पुड्या काढून पुढ्यात ठेवल्या.

"मेलेलं मालकाला दाखवावं लागतं. विचारलं असतंस तर तेव्हाच दाखवलं असतं."

शोल्पानने त्याच दुपारी चारही छात्या उघडल्या. जंतूंनी गच्च भरलेल्या. तिने वहीतला 'बरे' हा शब्द खोडून 'मेले' लिहिलं. लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

"आपा, हे तुम्ही फक्त माझ्याच वेळी केलंत ना?"

कुलपाशला हे फार लागलं.

"मी काय तोंडं बघून वागते? एकतीस वर्षांत इथे कुणाचाच कळप कमी भरू दिला नाही."