झान कुलिबाली वाटेत का थांबायचा

झान कुलिबाली न्योनोच्या कालव्यावर चौतीस वर्षं पाटकरी होता. गेट उचलायचं, गेट पाडायचं, कुणाची पाळी कधी ते सांगायचं आणि रोज चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, कडेनं पंधरा-वीस किलोमीटर चालायचं. माणूस कामाचा, पण तोंडाचा महाकंजूष. आमच्याकडे दोन माणसं भेटली की रात्र कशी गेली, आई कशी आहे, पोरं कशी, शेळ्या कशा, हे सगळं विचारून झाल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकत नाही. झान मात्र नुसता हात वर करायचा आणि चालू पडायचा. 'पाडलं बघा गेट,' असं आम्ही मागून म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी हाच माणूस एकाएकी गोड झाला. घरून चहाच्या बाकाकडे निघाला की दर चार-पाच घरांमागे थांबायचा, भिंतीला हात टेकायचा आणि घरातल्या थोरामोठ्यांपासून कोंबड्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी करायचा. लोकांनी आपापले अर्थ काढले. कुणी म्हणालं, मक्केला निघालाय, जाण्याआधी सगळ्यांशी गोड होतोय. कुणी म्हणालं, निवडणुकीला उभा राहतोय. मी म्हटलं, चवळी डोक्यात गेली.

असं मला म्हणता येतं, कारण मी न्येले केता आणि तो कुलिबाली. केतानं कुलिबालीला चवळीखाऊ म्हणायचं, कुलिबालीनं केताला आपली चाकर म्हणायचं आणि दोघांनीही राग धरायचा नाही, ही आमच्याकडची बापजाद्यांची रीत. झान माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला मी मान खाली घालून 'काका' म्हणते. झानला 'अरे'.

एका सकाळी तो माझ्या समोरच्या घरापाशी थांबला. त्या घरची सगळी माणसं भातकापणीला गेली होती, दाराला हे एवढं कुलूप.

"सगळे बरे ना?" झान दाराला विचारत होता. "पोरं बरी? शेळ्या बऱ्या?"

"अरे चवळीखाऊ, कुलूप दिसत नाही का? कुणाशी बोलतोयस?"

"दाराशी. केतांपेक्षा अक्कल आहे त्याला."

"पोटरी दुखते ना तुझी? चाललं की आवळून येते, थांबलं की सुटते?"

त्यानं हात वर केला आणि चालू पडला. पण नव्वद पावलांवर पुन्हा थांबला. मी मोजली.

वीस वर्षं मी आरोग्य केंद्रात जखमा धुते आणि पट्ट्या बांधते. चालताना दुखणारी आणि उभं राहिलं की गप्प बसणारी पोटरी मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीटही मला ठाऊक होतं. दिवसाला एक.

दुपारी मी सरळ चहाच्या बाकावर गेले. सगळी म्हातारी मंडळी जमली होती, दुसरा चहा ओतला जात होता. मी झानच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "चप्पल काढ."

"बघा, चाकर माझे पाय धुवायला आली!"

उजव्या अंगठ्याला चपलेनं लागलं होतं. तीन आठवडे झाले म्हणे. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ते पाऊल गार. डावं त्यापेक्षा ऊब धरून होतं. उजव्या नडगीवरचे केस झडून कातडी चकचकीत झाली होती. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते, तिथे मी दोन बोटं टेकवली. काहीच लागेना.

"या पायाला रक्त पुरत नाहीये," मी म्हटलं. "रक्ताची नळी आतून अरुंद झालीय. जखमेला रक्तच नाही, तर ती भरणार कशी? असाच बसून राहिलास तर आधी बोट जाईल, मग पाऊल."

बाकावर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं झान हसला. "केताबाईला माझं पाऊल चवळीत शिजवायचंय!"

"अरे, एका नळीत जे झालंय ते हृदयाच्या नळीतही झालेलं असू शकतं!"

"हृदयही पाहिजे तिला! मीठ विसरू नकोस गं!"

मी जितकं खरं बोलत होते, तितकी ती मंडळी पोट धरून हसत होती. केता कुलिबालीला जे म्हणते ते थट्टेतच म्हणते, हे त्यांच्या हाडात बसलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला आमच्या या रीतीचा राग आला. जे दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं ते मला सांगता येत होतं, आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आठ दिवसांनी त्याची बायको सिरांतू केंद्रात आली. अंगठ्याची कड काळी पडली होती. "तूच सांग त्याला," ती म्हणाली, "मला तर तो बोलूही देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सणाचा झगा घातला, डोक्याला नवं फडकं बांधलं आणि पानात गुंडाळून दहा कोलाफळं घेतली. वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जाताना नेतात तशी. झानच्या अंगणात चपला काढल्या, त्याच्यासमोर गुडघे टेकले आणि नजर जमिनीवर ठेवली.

"काका, रात्र सुखाची गेली ना?"

झाननं मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

"कोण काका?"

"तुम्ही. तुम्हाला एक विनंती करायला आलेय."

तो हसला. पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ते येईना, तसं त्याचं हसू ओसरलं.

"अगं, चवळी म्हण."

"नाही म्हणणार, काका."

"एकदा तरी म्हण!"

मी मान हलवली. त्याच्या हातातली सिगारेट तशीच जळत राहिली.

"मी मरतोय का, न्येले?"

"लगेच नाही. पण तुमचं बोट मरतंय. काका, कालव्यात गाळ साचला तर आधी कुणाचं शेत वाळतं?"

"टेलचं. कालव्याच्या पार शेवटाला असतं त्याचं." हे उत्तर त्याला झोपेतही आलं असतं.

"पाऊल म्हणजे तुमचं टेलचं शेत."

त्यानं पावलाकडे पाहिलं. "आणि मी आयुष्यभर म्हणत आलो, टेलवाले उगाच बोंबलतात," तो पुटपुटला. मग एकदम पाटकऱ्यासारखा बोलायला लागला. "मग थांबलं की दुखायचं राहतं, ते कसं?"

"चालताना पोटरी जास्त मागते, तेवढं येत नाही. थांबलात की येतं तेवढं पुरतं."

"गाळ कशानं आला?"

"वय आहे. बाकीचा बराचसा तुमच्या हातात आहे त्यानं."

त्यानं हातातली सिगारेट वाळूत खुपसली. "काढता येतो?"

"सगळा नाही. कुठे अडलंय ते राजधानीतले, बामाकोचे डॉक्टर बघतील, जमलं तर नळी आतून रुंद करतील. गोळ्या देतील. मग दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. त्यानं आजूबाजूच्या बारीक चाऱ्या वाहत्या होतात."

"म्हणजे मी वाटेत थांबत होतो, ते औषधच घेत होतो की!"

"थांबणं औषध नाही, काका. परत चालणं औषध आहे. आणि जखम असताना तेही नाही."

औषध घेत होतो, हा त्याचा विनोद होता. आमच्या दोघांमधला त्याचा पहिला विनोद, ज्याला मी 'काका' म्हणून उत्तर दिलं. तेव्हा तो खरा घाबरला. दुपारच्या गाडीनं सिरांतूला घेऊन बामाकोला गेला.

पाच आठवडे तो तिकडे होता. अंगठा काढावा लागला, नळी रुंद केली, पाऊल वाचलं. हे सगळं सिरांतू फोनवर कळवायची. मी मात्र केंद्रात पट्ट्या बांधताना चुकत होते. मला त्या म्हाताऱ्याचा लळा आहे, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. नऊ बोटांच्या माणसाला काय काय म्हणायचं, याची मोठी यादी मी मनात तयार ठेवली होती.

तो परत आला आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत माझ्या दारात उभा राहिला. वाळला होता. मी तोंड उघडलं आणि यादीतलं एकही वाक्य येईना. डोळे भरले, आणि मी खाली मान घालून नुसती उभी.

झानचा चेहरा उतरला. त्यानं आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्येले," तो हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी तुला वेगळं काही सांगितलंय का? अगं, काहीतरी वाईट बोल ना लवकर. मला भीती वाटतेय."