अवधाण आणि गाठ

प्लेगच्या साथीत माझ्या धाकट्या भावाला साहेबाने धरून इस्पितळात नेले, असे आमच्या घरात वर्षानुवर्षे सांगितले जाई. मीही ते सांगितले आहे, आणि सांगताना साहेबाला चार कडक शब्द लावलेही आहेत. वास्तविक त्याला मी धाडले. त्याला धाडण्यासाठी मला एकही खोटा शब्द उच्चारावा लागला नाही. खोटे बोललो ते नंतर, दाराआड उभ्या असलेल्या माझ्या पत्नीशी. त्यामागे जे होते त्याला मी त्या वेळी काळजी म्हणत असे. तो मत्सर होता.

आम्ही तेव्हा गिरगावातल्या एका वाडीत, चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. आईवडील गेलेले, घरात मी, पत्नी आणि भाऊ. मी कोटातल्या एका व्यापारी कचेरीत कारकून होतो. भाऊ मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा आपटला आणि मग एका कापडवाल्याच्या दुकानात बसू लागला. पत्नी आमच्या घरी आली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि भाऊ अकरा. ती दोघे एकत्र सागरगोटे खेळली, एकत्र चिंचा चोरल्या, आणि आईच्या हातचे धपाटेही एकत्रच खाल्ले. मी त्या वेळी मोठा होतो, शिकत होतो. त्यांच्या खेळात मला कोणी बोलावले नाही, आणि मलाही त्याचे काही वाटले नाही.

खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ गाठीच्या तापाने गेले, आणि दुसऱ्याच दिवशी चाळीच्या तोंडाशी शिपाई बसला. आतले बाहेर जायचे नाही, बाहेरचे आत यायचे नाही. पालिकेची माणसे येऊन भिंतींना चुना फासून गेली, मोऱ्यांत फिनेल ओतून गेली, आणि खोल्यांत ऊन शिरावे म्हणून आमच्या डोक्यावरची कौले त्यांनी जागोजागी उचकटून टाकली. जेवताना ताटात उन्हाचा चौकोन पडे. दुपारी तो सरकत सरकत देव्हाऱ्यापर्यंत जाई.

कामाच्या दिवशी मी माझे घर दिवसाउजेडी पाहिलेच नव्हते. सकाळी जेवून कचेरीला जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. मधला सगळा काळ घर माझी वाट पाहत स्वस्थ बसलेले असते, अशी माझी समजूत होती. आता कोंडून घातल्यावर मला दिसले की त्या घराला आपले स्वतःचे एक दिवसभराचे आयुष्य आहे, आणि त्यात माझी कुठे उणीव नाही. भाऊ दुकानातून दुपारी जेवायला येई, तासभर थांबे. तेवढ्या तासात घरातल्या किती गोष्टी ठरत, किती थट्टा शिजत, हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या बोलण्यात अर्धी वाक्ये असत. एकाने सुरू केलेले दुसऱ्याने संपवण्याचीही गरज नसे. मधेच दोघे हसत.

"कोणाबद्दल चाललं आहे?" मी विचारी.

"काही नाही, दादा. जुनीच गोष्ट आहे."

ती जुनी गोष्ट मला कोणी कधी सांगितली नाही. विचारण्यासाठी मी पुन्हा तोंड उघडले नाही, हेही खरे.

पत्नी मला 'इकडे' म्हणे. "इकडे पाणी हवं का?" "इकडून जेवायला यायचं ना?" त्या काळी कुलीन घरांतल्या बायका नवऱ्याला असेच संबोधीत, आणि त्यात आदरच होता. पण त्या दिवसांत तो शब्द माझ्या कानाला बोचू लागला. भावाला ती नावाने हाक मारी; तेही आईने ठेवलेले, लाडाने अर्धे मोडलेले नाव. मी मात्र तिच्या तोंडी नुसती एक दिशा होतो.

दुपारी ती दोघे सोंगट्या मांडीत. मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसे आणि पान न उलटता ऐके.

"चोरा! पाच पडले आणि सहा घरं चाललास."

"वहिनी, तुला मोजता कधीपासून येतं?"

"तुझ्यासारखी दोनदा आपटले नाही म्हणून येतं."

एकदा तिने दारातून डोकावून विचारले, "इकडे बसायचं का खेळायला?" माझ्या मनात होते की बसावे. "नको, वाचायचं आहे," असे मी म्हणालो. ती परत पटापाशी गेली. कवड्या पुन्हा खुळखुळल्या, आणि आपल्याला आग्रह झाला नाही याचा मला राग आला.

भाताच्या तळाची खरवड ती भावासाठी राखून ठेवी. मलाही खरवड लहानपणापासून आवडे. पण मी ते तिला कधी सांगितले नव्हते, आणि सांगितल्यावाचून तिला कळावे, अशी माझी अपेक्षा होती. मी पानावरून उठताना ती खरवड त्याच्या ताटात पडलेली पाही आणि हात धुवायला जाई. इतक्या क्षुद्र गोष्टींवर माझे मन दिवसभर चरत असे, आणि त्याच वेळी खाली चाळीतून माणसे डोलीत घालून नेली जात होती.

वरळीची एक कोळीण आमच्याकडे नेहमीची. शिपायाने अडवल्यावर ती रस्त्यातच उभी राहून ओरडे आणि भाऊ सज्जातून दोरीला परडी बांधून सोडी. एकदा शिपायाने तिला हटकले, तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रं शिपाया, माझ्या बोंबलाला पन गाठ येते काय? बघ, बघ, काखेत हात घालून बघ त्याच्या!" अख्खी चाळ सज्जांतून हसली. पत्नी हसता हसता कठड्याला टेकली आणि तिने भावाच्या खांद्यावर एक चापट मारली. मीही हसत होतो. ती चापट पाहिल्यावर माझे हसू थांबले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी कौलाचा एक सैल तुकडा वरून पडला आणि भावाच्या पायाखाली आला. पायाच्या बोटांच्या बेचक्यात खोल चीर गेली. पत्नीने त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, ऊन पाण्याने धुतला, हळद भरली आणि जुन्या धोतराची चिंधी बांधली. तो कळवळत होता आणि ती त्याला दटावत होती. मी दारात उभा होतो. तिने वर पाहून म्हटले, "इकडून जरा दिवा धरायचा का? आत कच राहिली असेल." मी दिवा धरला. दिवा धरून मी जखमेकडे पाहिले नाही. तिच्या बोटांकडे पाहत राहिलो.

जखम वरून लवकर मिटली. मग त्याच्या जांघेत अवधाण आले. पायाला लागले की जांघेत जी गाठ सुजते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. जखम आतून भरली की ती आपोआप जिरते, आणि तिला कोणी भीत नाही. पण प्लेगची गाठही बहुधा तिथेच येई. आदल्या रात्री त्याचे अंगही थोडे तापले होते.

सकाळी झडतीचे पथक आले. एक गोरा डॉक्टर, त्याचे दोन मदतनीस आणि खाली डोली घेतलेले हमाल. त्यांचा दुभाषी खालच्या मजल्यावर कुठल्या तरी रडारडीत अडकला होता. चाळीत इंग्रजी बोलू शकणारा मीच एकटा. अशा वेळी मला पुढे करण्याची पद्धतच पडून गेली होती, आणि मला ती प्रिय होती. डॉक्टरने सज्जातच सगळ्यांच्या काखा-जांघा चाचपल्या. भावापाशी येऊन त्याचा हात थांबला.

भाऊ म्हणाला, "अवधाण आहे हो, दादा. पायाला कौल लागलंय, तेवढं सांगा साहेबाला."

"काय म्हणतो हा?" साहेबाने मला विचारले.

अवधाणाला इंग्रजी शब्द मला सुचला नाही, असे मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगून पाहिले. पण 'याच्या पायाला लागले आहे' एवढे इंग्रजी शाळेतल्या मुलालाही येते. मी साहेबाला म्हणालो, "म्हणतो, जांघेत गाठ आली आहे."

"कधीपासून?"

"कालपासून."

"ताप?"

"रात्री अंग गरम होते."

एकही उत्तर खोटे नव्हते. भावाने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. डॉक्टरने जिन्याकडे बोट केले.

दाराआडून पत्नी ओरडली. नेहमीचे 'इकडे' त्या क्षणी ती विसरली आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट मला उद्देशून बोलली. "अहो, सांगा ना त्यांना! अवधाण आहे म्हणून सांगा, पाय दाखवा त्याचा!"

"सांगितलं," मी म्हणालो. "साहेब ऐकत नाही."

डोलीत बसताना भाऊ वर पाहून म्हणाला, "वहिनी, डाव तसाच मांडलेला राहू दे. आणि मी नसताना सोंगट्या सरकवू नकोस." हमालांनी डोली उचलली.

साहेब दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याला गाठून सारे सांगता आले असते. तेवढ्याने कदाचित भाऊ सुटलाही असता. पण तसे सांगायचे म्हणजे काल का सांगितले नाही, हेही सांगावे लागले असते. मी काख वर केली, तपासून घेतली आणि आत गेलो.

आता घरात आम्ही दोघेच होतो. मला जे हवे होते ते सगळे मिळाले. पत्नी दिवसभर माझ्यासमोर होती. सोंगट्यांचा पट तिने खरोखरच हलवला नाही. त्याला वळसा घालून ती केर काढी. खरवड तिने माझ्या ताटात वाढली, कारण टाकून देणे तिच्या जिवावर येई. मला ती गिळवेना. जिन्यावर पाऊल वाजले की तिचा हात थांबे, आणि त्या थांबलेल्या हाताचाही मला हेवा वाटे. घरात नसलेल्या माणसावरही मी जळत होतो. शेजारणींना ती सांगे, "इकडून किती सांगणं झालं साहेबाला! पण तो मेला ऐकेल तर ना." शेजारणी माझ्याकडे आदराने पाहत. मी खाली पाही, आणि तेही माझ्या दुःखाच्या खाती जमा होई.

इस्पितळात गेला तेव्हा भावाला प्लेग नव्हता. तिथे गेल्यावर झाला. ही बातमी आणणाऱ्या नातेवाइकाने रस्त्यात उभे राहून ती वर ओरडून सांगितली, आणि पत्नी सज्जातच खाली बसली. मी देवापुढे गेलो, पण काय मागावे ते मला कळेना. तो वाचावा असे मागताना, तो परत येऊन काय सांगेल याची भीती त्याच प्रार्थनेत मिसळलेली होती.

तो वाचला. शिपाई उठल्यावर पुष्कळ दिवसांनी घरी आला तेव्हा केस गळलेले होते, आवाज खोल गेला होता, आणि मजल्यामजल्यावर जिन्यात बसून तो वर पोहोचला. काही बोलला नाही. महिन्याभरात त्याने नागपूरकडे एका पेढीवर नोकरी धरली. "तिकडची हवा कोरडी आहे, छातीला बरी," असे तो म्हणाला. पत्नीने त्याला लाडू बांधून दिले. नंतर तो वर्षा-दोन वर्षांनी पाहुण्यासारखा येई, आणि ती त्याला 'भावोजी' म्हणू लागली.

आता आम्ही दादरला राहतो. गेल्या दिवाळीत तो आला होता. जेवताना प्लेगच्या गोष्टी निघाल्या आणि पत्नी सुनेला सांगू लागली, "तुझ्या मामंजींनी काय थोडं सांगितलं साहेबाला? घसा बसला यांचा." भावाने ताटातून मान वर केली नाही.

जेवणानंतर आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो होतो. तो सुपारी कातरत होता.

"घसा बसला होता की काय तुमचा?" तो हसून म्हणाला. मग अडकित्ता खाली ठेवून, "दादा, मॅट्रिकला मी आपटलो ते व्याकरणात. बोलायला माझी जीभ वळत नसे. ऐकलेलं मात्र समजायचं."

"मग तू तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही बोलत असताना मी मध्ये कसा तोंड घालणार? तेही साहेबासमोर." त्याने सुपारी माझ्या हातावर ठेवली. "आणि मला वाटलं, तुम्ही घाबरलात. खरंच प्लेग असला तर वहिनीला लागेल, म्हणून मला बाहेर काढलंत. मी नवरा असतो तर मीही तसंच केलं असतं, अशी समजूत घातली मी माझी. वहिनीला काही बोलू नका आता. तिला कशाला?"

त्याने मला एक चांगले कारण देऊ केले होते. इतकी वर्षे तो स्वतः त्याच कारणावर जगला होता. मी ते घेतले असते तर तिघांचेही म्हातारपण सुखात गेले असते. मी उठलो आणि आत हाक मारली. पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून उभीच राहिली.

मी म्हणालो, "मी त्या दिवशी साहेबाला काही सांगितलं नव्हतं. अवधाणाचं नाही, पायाचं नाही. तुला म्हणालो ते खोटं होतं. आणि हा समजतो तसा मी घाबरलोही नव्हतो. तुम्ही दोघं हसायचात, ते मला बघवत नव्हतं, म्हणून मी याला जाऊ दिलं." मग मी भावाकडे वळलो. "मी तुझा अपराधी आहे, बाळ, आणि हिचाही. मला क्षमा करा."